सर्वेक्षणातले ‘कोल्हापूरकर’ नेमके कोण?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘इतके टक्के कोल्हापूरकर म्हणतात...’ अशा मथळ्याच्या बातम्या हल्ली सगळ्याच दैनिकांत येतात. कधी थेट पाइपलाइनबद्दल, कधी हद्दवाढीबद्दल, निवडणूक जवळ आली की मतदारांच्या कलाबद्दल. बातमीत टक्के असतात, रंगीत आलेख असतो आणि तळाला बारीक अक्षरात ‘५०० नागरिकांशी संवाद’ एवढीच नोंद असते. हे ५०० कुठून आले, कुणी निवडले, किती जणांनी दारच उघडले नाही, याचा कुठे पत्ता नसतो. सामाजिक संशोधनात नमुना कसा निवडतात हे आम्ही शिकवतो, म्हणून थोडे सविस्तर लिहीत आहोत. पत्र लांबेल, पण या विषयात खोच तपशिलातच असते.

शितावरून भाताची परीक्षा होते, कारण पातेल्यातल्या प्रत्येक शिताला जवळपास सारखीच वाफ लागलेली असते. शहर म्हणजे भाताचे पातेले नव्हे, ते मिसळीसारखे असते. कट वर, मटकी खाली. वरचा चमचा भरून ‘मिसळ म्हणजे नुसता कट’ असा निष्कर्ष काढावा, तसे रंकाळ्यावर सकाळी फिरायला येणाऱ्यांना गाठून ‘कोल्हापूरकर व्यायामाबाबत जागरूक’ असे लिहिले जाते. तिथे १०० ऐवजी १,००० जणांना विचारले तरी चूक तेवढीच राहते, फक्त अधिक ठाम दिसते.

याचे गाजलेले उदाहरण अमेरिकेतले आहे. १९३६ च्या अध्यक्षीय निवडणुकीआधी ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने सुमारे १ कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या. २३ लाखांहून अधिक परत आल्या आणि त्यांच्या हिशेबाने रिपब्लिकन उमेदवार लँडन जिंकणार होते. प्रत्यक्षात तेव्हाचे अध्यक्ष रूझवेल्ट सुमारे ६१ टक्के मते घेऊन निवडून आले. पत्ते घेतले होते टेलिफोनच्या आणि मोटारमालकांच्या याद्यांतून, आणि मंदीच्या त्या काळात फोन-मोटार कुणाकडे होती हे उघड आहे. शिवाय पत्रिका परत पाठवण्याची तसदी कोण घेते, तर ज्याला सरकारचा राग आलेला असतो तो. त्याच निवडणुकीत जनमत चाचण्या घेणारे जॉर्ज गॅलप यांनी सुमारे ५० हजारांच्या नमुन्यावरून विजेता बरोबर सांगितला. पण १९४८ साली तेच गॅलप कोटा पद्धतीवर विसंबले आणि ट्रूमन हरणार म्हणून चुकले. कोटा म्हणजे इतके पुरुष, इतक्या बायका, इतके तरुण एवढे ठरवून द्यायचे आणि माणूस निवडायचे काम मुलाखतकारावर सोडायचे. मुलाखतकार मग बोलकी, नीटनेटकी, घराबाहेर सहज सापडणारी माणसे पकडतो. व्हॉट्सॲपवर फिरणारा फॉर्म तर याच्याही खालच्या पायरीवर आहे. तिथे माणूस स्वतःच स्वतःला निवडतो.

नमुन्याचे काम सुरू होते ते ‘कुणाबद्दल बोलायचे आहे’ या प्रश्नापासून. याला समष्टी म्हणतात. ‘हद्दवाढ हवी का?’ हा प्रश्न फक्त महापालिका हद्दीतल्या मतदारांना विचारला तर एक उत्तर येईल. पाचगाव, उचगाव, कळंब्याच्या लोकांना विचारला तर दुसरे येईल. पाचगावात राहून शहरात नोकरी करणारा कोणत्या बाजूला धरायचा? हे आधी लिहून ठेवले नाही, तर पाहणी करणारा नकळत हवी तीच बाजू मोजतो.

मग लागते यादी, म्हणजे नमुना-चौकट. प्रत्येकाला निवड होण्याची संधी हवी आणि ती किती हे माहीत हवे. यादीत नसलेल्याची संधी शून्य. मतदार यादी ही सर्वांत सोयीची चौकट, कारण ती मतदान केंद्रानुसार भागांत मिळते. पण तिच्या खोडी माहीत हव्यात. लग्न होऊन सासरी गेलेल्या मुलीचे नाव माहेरच्या यादीत राहते, वारलेल्यांची नावे वर्षानुवर्षे निघत नाहीत, आणि शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत काम करणारे परप्रांतीय भाडेकरू त्यात नसतात. रेशनकार्डाच्या यादीत वरच्या थरातली बरीच कुटुंबे सापडत नाहीत. जनगणनेचे गट घ्यावेत तर २०२१ ची जनगणना वेळेवर झालीच नाही, त्यामुळे २०११ चे आकडे वापरावे लागले. तेव्हा महापालिका हद्दीत साडेपाच लाखांच्या आसपास लोक होते. दरम्यान शहराच्या कडेला नव्या कॉलन्यांची रांग उभी राहिली. म्हणून जाणकार पाहणीत निवडलेल्या भागात आधी स्वतः फिरून घरांची ताजी यादी करतात आणि मगच घरे निवडतात. खर्चाचे, कंटाळ्याचे काम आहे. बहुतेक ठिकाणी पहिली काटछाट यावरच होते.

चौकटीची सर्वांत फसवी चूक महापुरानंतर होते. ‘मदत पोहोचली का?’ हे पाहायचे आणि नमुना काढायचा तो पंचनाम्याच्या यादीतून! ज्याचा पंचनामाच झाला नाही, जो भाड्याने राहत होता आणि पाणी चढताच नातेवाइकांकडे निघून गेला, तो त्या यादीत नाही. ‘मदत मिळाली’ म्हणणाऱ्यांचे प्रमाण मग आपोआप फुगते. २०१९ किंवा २०२१ च्या पुराबद्दलचा असा कोणताही आकडा वाचताना, यादी पंचनाम्याची होती की पाणी आलेल्या गल्ल्यांची, एवढे विचारावे.

आता ‘रँडम’ या शब्दाबद्दल. विद्यार्थ्यांच्या प्रबंधिकेत हमखास वाक्य असते, ‘यादृच्छिक पद्धतीने १०० उत्तरदाते निवडले.’ विचारले तर कळते, महाद्वार रोडवर जे भेटले ते. रँडम म्हणजे कसेही, असा समज घट्ट बसला आहे. वास्तविक हे संशोधनातले सर्वांत शिस्तीचे काम. यादीतल्या प्रत्येकाला क्रमांक द्यायचा आणि क्रमांक यंत्राला किंवा चिठ्ठीला काढू द्यायचा. एक्सेलमध्ये यादीशेजारी रँड हे सूत्र भरावे, आलेले आकडे लगेच गोठवावेत (नाहीतर दर वेळी बदलतात), त्यानुसार यादी लावावी आणि वरचे हवे तितके घ्यावेत. माणसाच्या मनाला रँडम निवडता येत नाही.

यादी लांब असेल तर ठरावीक अंतराने नावे घेणे सोपे. १,१५० मतदारांच्या भागातून २५ हवेत, तर अंतर ४६. एक ते ४६ मधून एक आकडा चिठ्ठीने काढायचा, समजा १९. मग १९, ६५, १११ असे पुढे जायचे. धोका एकच, यादीत लपलेली लय. मजल्यावर आठ खोल्या असलेल्या चाळींची यादी असेल आणि अंतर १६ निघाले, तर दर वेळी एकाच कोपऱ्यातली खोली येईल.

‘किती लोक घ्यायचे?’ हा सर्वाधिक विचारला जाणारा आणि खरे तर त्यातल्या त्यात सोपा प्रश्न. साध्या यादृच्छिक नमुन्यात, ९५ टक्के विश्वासपातळीवर (म्हणजे असे १०० नमुने काढले तर साधारण ९५ वेळा), उत्तर ५ टक्के अंकांच्या आतबाहेर हवे असेल तर ३८५ लोक पुरतात. ३ टक्क्यांसाठी सुमारे १,०६७ लागतात आणि १ टक्क्यासाठी ९,६०४. चूक निम्मी करायची तर नमुना चौपट, हा त्यातला हिशेब. लोकसंख्या किती मोठी याने फारसा फरक पडत नाही. ३८५ कोल्हापूर शहराला पुरतात तसेच सगळ्या महाराष्ट्रालाही. फक्त समष्टी लहान असेल तर आकडा उतरतो. १,२०० प्रौढांच्या गावात २९२ चालतात. मात्र मोठ्या नमुन्याचे तुकडे पाडले की गंमत कळते. ४०० जणांच्या पाहणीत त्रुटी सुमारे ५ टक्के, पण त्यातल्या फक्त ४० तरुणींचे मत वेगळे काढले की ती १५ टक्क्यांच्या वर जाते. तरीही ‘तरुणींचा कौल’ अशी चौकट छापलेली दिसते. आणि ही ‘त्रुटी’ फक्त यादृच्छिक नमुन्यालाच लागू होते. चौकात गाठलेल्या लोकांपुढे ‘अधिक-उणे ५ टक्के’ लिहिणे म्हणजे वजनकाटा न वापरता पावतीवर ग्रॅम लिहिणे.

जिल्ह्याची पाहणी असेल तर सरसकट चिठ्ठ्या टाकून भागत नाही. चंदगडचा एक, शिरोळचे दोन, शाहूवाडीच्या वाडीवरचा एक असे लोक शोधत फिरायला पेट्रोल कोण देणार? म्हणून आधी गावे किंवा प्रभागाचे भाग निवडतात, मग त्यातली घरे. इथे दोन गफलती होतात.

पहिली, गावे सरसकट चिठ्ठीने काढणे. समजा सहा गावे आहेत आणि त्यांत अनुक्रमे १२०, ४५०, ८०, ६००, २५० आणि ३०० घरे आहेत. तीन गावे चिठ्ठीने काढून प्रत्येकी २० घरे घेतली, तर ८० घरांच्या गावातल्या घराला संधी ८ पैकी १ आणि ६०० घरांच्या गावातल्या घराला ६० पैकी १, म्हणजे साडेसात पटींचा फरक. त्याऐवजी घरांची चढती बेरीज मांडावी: १२०, ५७०, ६५०, १,२५०, १,५००, १,८००. तीन गावे हवीत म्हणून अंतर ६००. एक ते ६०० मधून चिठ्ठी निघाली ३३७. पुढचे आकडे ९३७ आणि १,५३७. ३३७ पडतो दुसऱ्या गावात, ९३७ चौथ्यात, १,५३७ सहाव्यात. आता प्रत्येक गावातून २०-२० घरे घ्या. दुसऱ्या गावाला निवडीची संधी ६०० पैकी ४५०, आणि त्यातल्या घराला ४५० पैकी २०. गुणाकार ३० पैकी १. चौथ्या गावात करून पाहा, सहाव्यात करून पाहा, तेच येते. मोठे गाव निवडले जाण्याची शक्यता जास्त, पण निवडल्यावर त्यातल्या एकेका घराची शक्यता कमी. दोन्ही एकमेकांना कापतात. कागद-पेन्सिलीचे पाच मिनिटांचे काम आहे, तरी कित्येक अहवालांत ते केलेले दिसत नाही.

दुसरी गफलत त्याहून महाग पडते. एका गल्लीतली माणसे एकमेकांसारखी असतात. नळाला पाणी किती वाजता येते हे एका घरात कळले की शेजारच्या नऊ घरांत विचारून नवे काहीच कळत नाही. हे साम्य अगदी थोडे, ०.०५ इतकेच धरले (० म्हणजे साम्य नाही, १ म्हणजे सगळे सारखेच), तरी १० ठिकाणी ४०-४० मुलाखती घेतल्यास त्या ४०० मुलाखतींची किंमत साध्या नमुन्यातल्या १३६ एवढीच उरते. तेच ४० ठिकाणी १०-१० घेतल्या तर २७६. आकडा तोच, फक्त पसरला. पुराचे पाणी घरात आले का, यासारख्या प्रश्नात साम्य कितीतरी जास्त; तिथे एकाच गल्लीत ४० दारे वाजवणे ही शुद्ध हमाली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत एका गावात किंवा गटात २२ च घरे घेतात, ते यासाठीच.

घर निवडले तरी काम संपत नाही. घरातले कोण? दार उघडणाऱ्याला विचारले तर दुपारी ११ ते ४ मध्ये बायका आणि म्हातारी माणसे मिळतात. फाउंड्रीत पाळीला गेलेला मुलगा, कॉलेजातली मुलगी निसटते. बाईला विचारावे तर आतून येते, ‘आमाला काय ठावं, मालकास्नी इचारा,’ आणि मुलाखतकार सुटकेचा श्वास सोडून मालकांकडे वळतो. तिथे बायकांचे मत गळते. यावर लेस्ली किश यांनी १९४९ मध्ये तक्ता दिला: घरातल्या प्रौढांची वयानुसार यादी करायची आणि त्या घराला आधीच नेमून दिलेला क्रमांक ज्याच्यापुढे येईल त्याचीच मुलाखत घ्यायची. परदेशांत ‘ज्याचा वाढदिवस सर्वांत अलीकडे झाला तो’ असा सोपा नियमही चालतो. आपल्याकडे तो फसतो. मास्तरांनी शाळेत नाव घालताना लावलेली १ जून ही जन्मतारीख एकाच घरात तिघांची निघते!

कुलूप दिसले की शेजारच्या घरात शिरणे हा आणखी एक रोग. बंद घर म्हणजे बहुधा नवरा-बायको दोघेही कामावर जाणारे घर. त्याच्या जागी कायम उघडे असणारे घर घेतले की नमुना घरबशांचा होतो. वेगवेगळ्या वेळी निदान तीन फेऱ्या मारायच्या, त्यातली एक संध्याकाळी सातनंतर आणि एक सुटीच्या दिवशी. तरी नाही भेटले तर ‘मिळाले नाही’ अशी नोंद करायची. दहापैकी तीन दारे उघडणार नाहीत असे वाटत असेल तर ३८५ मुलाखतींसाठी सुरुवातीलाच ५५० घरे निवडून ठेवावीत. त्याने आकडा भरतो. न भेटलेल्यांची उणीव मात्र भरत नाही, म्हणून किती भेटले नाहीत ते छापायचे असते.

यादीच नसलेल्या लोकांचे काय? गळीत हंगामात जिल्ह्यात येणारे ऊसतोड मजूर कोणत्याही गावच्या यादीत नसतात. एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे अशी साखळी धरली तर सगळे एकाच मुकादमाचे निघतात. त्यापेक्षा कारखान्याच्या शेती विभागाकडची टोळ्यांची नोंद चौकट म्हणून वापरावी. प्रत्येक टोळीत किती कोयते (कोयता म्हणजे जोडपे, हे मोजणाऱ्याला माहीत हवे, नाहीतर माणसे निम्मीच मोजली जातात) त्या प्रमाणात टोळ्या वर सांगितलेल्या चढत्या बेरजेने निवडाव्यात आणि मग कोयते. बैलगाडीवाल्या आणि ट्रॅक्टरवाल्या टोळ्या वेगळ्या स्तरांत, म्हणजे आधीच वेगळ्या केलेल्या गटांत ठेवाव्यात, त्यांचे दिवसाचे गणितच निराळे असते. पहाटे माणसे फडात गेलेली असतात. मुलाखतीला खोपीवर जायचे तर अंधार पडल्यावर. चिटबॉयला (तोडीवर देखरेख ठेवणाऱ्या कारखान्याच्या माणसाला) सोबत नेऊ नये. तो समोर उभा असताना उचलीबद्दल, म्हणजे आगाऊ घेतलेल्या पैशांबद्दल, खरे कोण सांगेल?

नमुन्याची शिस्त बाहेरून आलेली आहे असेही कुणी समजू नये. प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी बंगालमध्ये तागाच्या पिकाचा अंदाज नमुन्याने काढला आणि १९५० मध्ये राष्ट्रीय नमुना पाहणी उभी केली. त्यांची एक युक्ती गरीब संस्थेलाही परवडते: नमुन्याचे दोन स्वतंत्र भाग करून ते दोन वेगळ्या पथकांना द्यायचे. दोघांची उत्तरे फार लांब गेली तर दोष लोकांत नाही, पथकात आहे. शेजारच्या सातारा जिल्ह्यातल्या बुधचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी पीक कापणीचे, म्हणजे शेतातला तुकडा कापून उत्पादनाचा अंदाज काढण्याचे शास्त्र बसवले. फार लहान तुकडा कापला तर उत्पादन जास्त दिसते, असे त्यांनी दाखवून दिले. तुकड्याच्या हद्दीच्या दोरीवर उभे असलेले पिकाचे ताट (धाट) मोजणारा आत ओढतो. तुकडा लहान तितका त्या ओढलेल्या ताटांचा वाटा मोठा. घरांच्या पाहणीतही गटाच्या हद्दीवरचे सोयीचे घर असेच आत येते. खुद्द कोल्हापूर शहराची सामाजिक पाहणी पुण्याच्या गोखले संस्थेसाठी सोवनी यांनी १९४० च्या दशकातच केली होती.

वजनांबद्दल थोडक्यात. बाराही तालुक्यांतून ५०-५० लोक घेतले की समान न्याय झाल्यासारखे वाटते. पण २०११ ला शहरासह करवीरची लोकसंख्या गगनबावड्याच्या पंचवीस पटींहून जास्त होती. जिल्ह्याची सरासरी काढताना प्रत्येक तालुक्याला त्याच्या लोकसंख्येचे वजन दिले नाही, तर गगनबावड्याचा एक माणूस करवीरच्या पंचवीस जणांना भारी पडतो. तालुक्यांची आपसांत तुलना करायची असेल तर मात्र ५०-५० घेणेच योग्य.

हेतुपूर्वक निवडलेले लोक घेऊन केलेले काम हलके असते, असे आमचे म्हणणे नाही. हुपरीच्या चांदी कारागिरांपैकी पंधरा जणांशी चार-चार तास बोलून धंदा कसा चालतो हे समजते, आणि ते कोणत्याही टक्क्यापेक्षा मोलाचे असू शकते. फक्त त्या पंधरांचे टक्के काढू नयेत.

आपल्या दैनिकाला विनंती एवढीच. सर्वेक्षणाची बातमी देताना पाहणी कुणी केली, पैसे कुणी दिले, कोणत्या यादीतून आणि कसे लोक निवडले, किती दारे वाजवली आणि किती उघडली, तारखा कोणत्या आणि प्रश्नाचे नेमके शब्द काय होते, हे चार ओळींत छापावे. ही माहिती संस्थेने दिली नाही तर ‘दिली नाही’ असे लिहावे. आणि फॉर्म व्हॉट्सॲपवर फिरवलेला असेल, तर मथळ्यात ‘कोल्हापूरकर म्हणतात’ ऐवजी ‘फॉर्म भरणारे ६४० जण म्हणतात’ असे, जो खरा आकडा असेल तो घालून, लिहावे.

आपले,
समाजशास्त्र व संख्याशास्त्राचे काही अध्यापक,
कोल्हापूर